मागचं ऊबदार बाकडं

माझा स्वभाव संशयी आहे, हे सासूबाईंनी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. ते खोटं नव्हतं. गवळ्याने आपणहून वरचं माप दिलं, तर मी आधी दूध हुंगून बघायची.

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा सोनई-नगर सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालू लागली. गाडीच्या पाठीशी पिंपाएवढी भट्टी बसवलेली असे. क्लीनर तिच्यात कोळसा ओतून विस्तव फुलवायचा आणि त्यातून निघणारा गॅस नळीने पुढे इंजिनात जायचा. मी नगरला शाळेत शिकवत होते, सासर सोनईला. दर सोमवारी सकाळी आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन मी त्या गाडीत बसायची.

थंडीत गाडीचे ताडपत्रीचे पडदे सोडून घट्ट बांधत. मागचं बाकडं भट्टीला लागून, म्हणून ऊबदार. ते लेकुरवाळ्यांना द्यायचं, असा रिवाजच पडला होता. माझ्या शेजारी बिब्बे-फण्या विकणारी एक म्हातारी बसायची आणि लेकीला मांडीवर घ्यायची. घोडेगाव येईपर्यंत लेक गाढ झोपलेली असे. गॅसच्या गाडीत लेकरं कशी शहाण्यासारखी झोपतात, याचं बायकांना फार कौतुक होतं.

मला मात्र नगर येईपर्यंत मळमळायचं, कपाळ ठणकायचं. एका सोमवारी लेक उतरल्यावरही डोळे उघडेना. गाल लालबुंद आणि मान लुळी. बऱ्याच वेळाने ती रडली. बायकांनी तिथेच निकाल लावला की म्हातारीने काहीतरी केलं. पुढच्या खेपेपासून कंडक्टरने तिला गाडीत चढू दिलं नाही. ती टोपली डोक्यावर घेऊन चालत निघाली.

मला ते पटलं नाही. म्हातारीवर माझा विश्वास होता असं नाही, पण डोकं तर तिचंही दुखायचं. ती कपाळाला फडकं आवळून बसायची. स्वतःवरच करणी कोण करून घेईल? पाणी दुसरीकडेच मुरत होतं.

म्हातारी नव्हती त्या खेपेलाही लेकीची मान पुन्हा लुळी पडली. इमामपूरच्या घाटात गाडीला चढ झेपेना, म्हणून सगळ्यांना उतरवलं. बोचऱ्या वाऱ्यात चार पावलं चालले, तोच लेक कुरकुरली आणि माझंही डोकं हलकं झालं. मग माझा संशय भट्टीवर जाऊन बसला तो उठेना. मी ड्रायव्हरला गाठून सांगितलं, पडदे उघडा, भट्टीतलं काहीतरी आत येतंय.

तो हसला. "बाई, कोळसा हाय, डोकं जरा जड व्हायचंच. लेकराला काय न्हाई हुत."

पडदे काही उघडले नाहीत. रजा मिळेना आणि दुसरी गाडी नव्हती. पुढच्या सोमवारी गाडी सुटण्याआधीच मी पडद्याची एक दोरी सोडून लेकीचं तोंड फटीशी धरून बसले. बायका थंडीने माझ्यावर चिडल्या.

तेवढ्यात ड्रायव्हरची बायको तान्ह्याला घेऊन आली. माहेरी निघाली होती. कंडक्टरने रिवाजाप्रमाणे तिला मागे आणलं, आम्ही सरकून जागा केली. ती टेकतेय तोच ड्रायव्हर पुढून धावत आला.

"तिथं नगं बसू. पुढं माझ्यापाशी ये."

ती म्हणाली, मागे ऊब आहे. त्याने तान्ह्याला तिच्या हातातून उचललं आणि पुढे घेऊन गेला.

मग एका बाईने आपलं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं, उठली आणि पडद्याच्या गाठी दातांनी सोडू लागली.