भीमाबाई जिथं थांबेल तिथं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. दस्तगीरचाचांचे. निजामाच्या काळात भूमजवळ करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता, त्या नाक्यावर ते शिपाई होते. त्यांना जाऊन दीड महिना झाला. मला कळलं ते चौथ्या दिवशी, तेही एस. टी.च्या कंडक्टरकडून. तिकीट देता देता तो म्हणाला, "तुमचे भूमचे चाचा गेले की साहेब. तुम्हाला न्हाय कळालं?" त्याच्या 'तुमचे' या शब्दाचं मला काय करावं ते सुचेना.

आमचं घर धनगराचं. वडील दरसाल मेंढरं घेऊन हद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला जात आणि जाता-येता नाक्यावर थांबत. तिथंच एकदा चाचांनी वडिलांना गाठलं. "बिरूभाऊ, पोराला शाळंत घाला. नाक्यावरच्या पाट्या बघत बसतंय, मेंढराकडं ध्यान न्हाय त्याचं." वडील म्हणाले, "आन मेंढरामागं कोण जाईल? तुमी येता का?" चाचा म्हणाले, "नोकरी सुटली की येतो. तवर पोरगं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." आणि मी त्यांच्या ओसरीवर राहिलो, एक-दोन महिने नव्हे, मॅट्रिक होईपर्यंत. त्यांच्या घरच्या भाकरीवर वाढलो. आमच्या भावकीनं वडिलांना नावं ठेवली, चाचांच्या मोहल्ल्यानं चाचांना. दोघांनीही ते माझ्या कानावर येऊ दिलं नाही. मी आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर, असं लोक कौतुकानं सांगतात तेव्हा मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

विलीनीकरणानंतर काही वर्षांनी नाका बंद पडला आणि चाचांना तहसील कचेरीत पाठवलं. तोवर कागद मराठीतून येऊ लागले होते. ज्या माणसानं जन्मभर उर्दू लिहिलं-वाचलं, त्याला आता कुठला कागद कुठल्या टेबलावर न्यायचा ते पोरासोरांना विचारावं लागे. मी कॉलेजातून सुट्टीला आलो की ते पाटी घेऊन माझ्यासमोर बसत. त्यांचा हात सवयीनं पाटीच्या उजव्या कडेला जाई. मी म्हणे, "इकडून, चाचा." ते हसत. "व्हय बाबा. तुमचं सरकार डावीकडून चालतंय." अक्षरं मोठी, एकमेकांवर रेललेली. आधी सगळी ओळ लिहायची आणि मग वर एक लांब रेघ ओढायची, घरावर पत्रा टाकावा तशी. मला त्यांचा गुरू झाल्याचा फार अभिमान वाटे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जे काम काढलं, त्याच्यामुळंच हा लेख लिहायचा आहे. आमचा दवाखाना चढावर. बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसं निघायची आणि अर्ध्या वाटेतून माघारी फिरायची, कारण टेकायला काही नाही. चाचा, तेलाचा घाणा मुलांवर सोपवून मोकळे झालेले रंगप्पा, घोंगड्यांसाठी लोकर कातणारी भीमाबाई, अशी चार-पाच माणसं. सगळी साठी ओलांडलेली. त्यांनी ठरवलं की ओस पडलेल्या नाक्याचे चिरे आणून वाटेवर बसायला दगड ठेवायचे. रंगप्पा म्हणाले, "शंभर-शंभर पावलांवर एक ठेवू." चाचांनी विचारलं, "कुणाची पावलं? तुमची का भीमाबाईची?" भीमाबाईनं पदर तोंडाला लावला. "माझ्या पावलानं गेलासा तर दवाखाना बंद व्हईल, चाचा." "होऊ द्या. तुम्ही पुढं चला. तुम्ही जिथं थांबाल तिथं दगड."

आणि खरोखर तसंच झालं. तिच्या मागून बैलगाडी आणि गाडीमागं ही म्हातारी मंडळी. ती दम घ्यायला थांबली की पहारीनं चिरा उतरवायचा. एक दगड पिंपळाशी, पुढचा बराच लांब, मग वळणाच्या चढावर दोन अगदी जवळजवळ. बघणाऱ्याला वाटावं, गाडीतून सांडलेत. दसऱ्यानंतरच्या बाजाराला दरसाल हीच मिरवणूक पुन्हा निघे, कारण चाचांचं म्हणणं, "गुडघा दरसाल मागं येतो, तर दगडाला बी मागं आणायला पायजे." म्हणून ते दगड नुसतेच ठेवलेले असत, कधी पुरलेले नसत. "जन्मभर माणसं अडवली, आता बसवतो," असं म्हणून चाचा स्वतः कधी त्यावर बसत नसत, बाजूला उभे राहत.

मी विस्तार अधिकारी होऊन भूमलाच आलो, तेव्हा या कामाचा मला इतका आनंद झाला की मी वर कळवलं. म्हाताऱ्या माणसांचं श्रमदान पाहायला वरचे साहेब येणार असं ठरलं. तिथून पुढचं सांगताना... पण सांगायलाच हवं. मी टेप घेऊन रस्त्यावर उतरलो. दगडांतली अंतरं सारखी केली. सगळे एका रेषेत घेतले, सिमेंटमध्ये बसवले, चुना लावला, वर आकडे टाकले. चाचा शेजारी उभे होते. म्हणाले, "बेटा, तिसरा दगड वळणावर होता. तिथं चढ हाय." मी म्हटलं, "चाचा, मोठे लोक येणार आहेत. जरा नीट दिसायला नको का?" "दिसायला..." ते एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "बरं, साहेब."

त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. त्या दिवसानंतर दुसरं काही म्हटलं नाही. वरचे साहेब आले, जीपमधूनच त्यांनी पाहिलं, काम शिस्तीचं आहे म्हणाले. दगडावर कुणी बसून पाहिलं नाही. मीही नाही.

पुढच्याच बाजाराला भीमाबाई वळणावर आली, दगड वर सपाटीला दिसत होता, तिथवर पोहोचेना, तेव्हा ती रस्त्याच्या फुफाट्यात बसली. तिला दोघांनी धरून उठवलं. बाजारातली पोरं हसली. नंतर ती दवाखान्याला यायची बंद झाली. मग चाचा दर बाजाराला चहाचं रिकामं लाकडी खोकं डोक्यावर घेऊन वळणापर्यंत चढायचे, ते तिच्यासाठी तिथं मांडायचे, म्हणून ती पुन्हा येऊ लागली, आणि सगळी म्हातारी परतली की ते घरी आणायचे. हे मी माझ्या कचेरीच्या खिडकीतून पाहत होतो. मला वाटायचं, हट्ट आहे म्हाताऱ्याचा. दसरा आला, गेला. सिमेंटातला दगड त्यांच्या पहारीला हलला नाही.

मग त्यांचा अर्ज आला. त्यांनी आयुष्यात मराठीत लिहिलेला पहिला कागद. ओळीवर तीच लांब रेघ. तिसरा दगड काढून वळणावर ठेवावा, एवढीच मागणी. मी घरी जाऊन बोलू शकत होतो, त्यांचं घर कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. पण अर्ज कचेरीत आला, तेव्हा कचेरीनं उत्तर द्यायचं, असं मला तेव्हा वाटलं. नवी नोकरी, नवी सही. उत्तर गेलं. वर्षभरात माझी बदली अणदूरच्या बाजूला झाली आणि मी निरोप घ्यायला गेलो तो दारातूनच परतलो.

परवा गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाई, जुबेदाभाभी, यांनी पत्र्याची पेटी पुढं ओढली. वर तेच चहाचं खोकं ठेवलेलं होतं, ते बाजूला करून पेटी उघडली. आत माझं पत्र, रुमालात गुंडाळलेलं. "तुमची चिठ्ठी आली तवा लई खूश झाले होते," भाभी म्हणाल्या. "माझ्या बेट्याच्या सहीचा सरकारी कागद, म्हणून साऱ्या मोहल्ल्याला दाखवला." म्हणजे पाठीमागं मी बेटाच होतो... पत्राखाली एक वही होती. पानंच्या पानं एकच मजकूर, 'अर्जदार दस्तगीर, मुक्काम भूम', पुन्हा पुन्हा लिहिलेला. पहिल्या पानावर अक्षरं रेललेली, शेवटच्या पानावर उभी, सुटी सुटी. "हे कशासाठी?" मी विचारलं. "काय की. तुमची चिठ्ठी आल्यापासून रोज बसायचे. म्हणायचे, अजून नीट येत न्हाय. आलं की मग दुसरी अर्जी देतो."

दुसऱ्या दिवशी मी माणसं लावून तिसरा दगड फोडून काढला आणि भीमाबाईला घेऊन चढावर निघालो. आता ती वळणापर्यंतही पोहोचत नाही. बरीच आधी थांबली, काठीवर रेलून तिनं माझ्याकडं पाहिलं. "इथं ठिव. चाचा असता तर हा कवाच हितवर आला असता." मी दगड ठेवला. ती बसली. शेजारी उभं राहायची जागा होती. तिथं उभं राहायला माझं धाडस झालं नाही.

भाभींनी वही दिली नाही, आणि ते बरोबरच केलं. पत्र मात्र म्हणाल्या, तुमचंच आहे, घेऊन जा. त्यातला एकही शब्द न बदलता इथं देतो.

श्री. दस्तगीर, मु. पो. भूम, यांस,

आपला रस्त्याकडील दगडाबाबतचा अर्ज या कार्यालयास मिळाला. सदर दगड समान अंतरावर व योग्य रीतीने बसविण्यात आलेले असल्याने त्यांत तूर्त फेरबदल करण्याचे कारण दिसत नाही. आपले म्हणणे नोंदून ठेवले आहे.

आपल्या अर्जातील अक्षर नीट लागत नाही. तरी यापुढील अर्ज सुवाच्य अक्षरांत लिहून पाठवावा, म्हणजे त्याचा विचार करता येईल. कळावे.

विस्तार अधिकारी