चित्रातली पहाट

संग्रहालयातल्या लढाईच्या दालनात काकांचं काम एकच: खुर्चीत बसायचं आणि चित्राला कुणाला बोट लावू द्यायचं नाही. चित्र भिंतभर, जुनंपुराणं. हरलेलं सैन्य चिखलातून परततंय, कोपऱ्यात ढोलाला टेकून एक शिपाई झोपलाय आणि मागे आभाळ सोनेरी. कुणी विचारो न विचारो, काका सांगणारच, "दमलाय बिचारा. पण तांबडं फुटलंय बघा! आता उठेल आणि घरची वाट धरेल."

सांगणार नाहीत तर काय! त्यांचा स्वतःचा मुलगा लढाईवर गेला तो बेपत्ता झाला. बरोबरचे परतले, त्याला मरताना कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यावर म्हातारा तग धरून होता. सुनेला शेजारच्या सुताराने मागणी घातलेली. माणूस विधुर, पण लाखात एक. ती सासऱ्याच्या शब्दासाठी अडली होती आणि काकांचं आपलं पालुपद, "थांब गं पोरी, येईल तो." दारामागे नवऱ्याचा कोट होता. ती मुकाट्याने त्याला ऊन दाखवायची आणि परत खुंटीला अडकवायची.

चित्र धुरकटलं, तेव्हा काकाच मोठ्या साहेबांच्या हात धुऊन मागे लागले. "साफ करून घ्या, पहाट कशी लख्ख दिसेल!" घ्या! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा.

चित्र साफ करणाऱ्या बाई आल्या. कापसाचे बोळे पिवळे होऊन खाली पडू लागले आणि आभाळातलं सोनं उतरत गेलं. खाली निघालं राखाडी, मावळतीचं आभाळ.

"अहो बाई, पहाट पुसताय तुम्ही!" काका ओरडलेच.

"पहाट नव्हतीच काका. व्हार्निश जुनं होऊन पिवळं पडलं होतं. चित्रकाराने संध्याकाळच काढलीय."

मग बाई शिपायाकडे वळल्या. छातीवरची सावली लाल निघाली. डोळे उघडे होते.

"झोपलाय ना हो तो?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

त्या दिवशी काका घरी आले ते चपला न काढताच बसले. "सुताराला हो म्हणून सांग."

सून दचकली. "आणि हे आले तर, बाबा?"

काकांनी उठून खुंटीवरचा कोट काढला, झटकला आणि तिच्या हातात दिला.

"सुताराला बसेल हा," ते म्हणाले. "बाह्या तेवढ्या आखूड कर."