उशीखालची बाटली

इथे परदेशातल्या मराठी मंडळात मुलांना नशेपासून जपण्यासाठी वर्ग घेणाऱ्या शेजारच्या नर्सकाकू मला खोकल्याच्या औषधाच्या गोडसर वासाने आठवतात. भारतातून बॅग भरून आणलेल्या औषधांतली खोकल्याची एक बाटली माझ्या मुलाच्या उशीखाली रिकामी सापडली, आणि तो हलवूनही नीट डोळे उघडेना. माझी शाळा नववीतच सुटलेली. इंग्रजीत काय सांगू, पोलीस आले तर व्हिसा जाईल का, या धास्तीने मी काकूंनाच फोन लावला. "त्याला झोपू देऊ नकोस, अॅम्ब्युलन्स मी बोलावते," म्हणत त्या बर्फातून घरातल्या सपातांवरच आल्या. "ओरडणार नाही रे, किती घेतलंस?" "झोप येत नव्हती काकू, दॅट्स ऑल," तो पुटपुटला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या त्याला बोलतं ठेवत राहिल्या. मुलगा वाचला. आता त्यांच्या वर्गाला मी खुर्च्या मांडते. मनात म्हणते, काकू, एक दिवस अशाच घाबरलेल्या आईकडे तुमच्यासारखी मीही धावत जाईन.