खीर आपली आपण फिरत नाही

बायको गेली आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की मला अंघोळीचं पाणीसुद्धा तापवता येत नाही. थंडीचे दिवस होते. बादलीच्या काठाला रॉड अडकवला, बटन दाबलं. वाफ दिसली तसं बटन बंद करून बोट बुडवलं, तर चटका बसला. म्हटलं, झालं काम. वरचे दोन तांबे अंगावर घेतले. तिसरा असा आला, की मी बाथरूममध्ये नाचलो. खालचं पाणी जसंच्या तसं गार!

मी आठवी शिकलेला माणूस, पण आयुष्य प्लांटच्या भट्टीवर काढलं. अंग पुसता पुसता उजेड पडला. तापलेलं पाणी हलकं होतं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते तळाशी बसतं. रॉड वरच्यावर अडकवला, तर खालच्या पाण्याला पत्ताच लागत नाही. बायको रॉड पार तळाला सोडायची. मग खालचं तापून वर आणि वरचं गार खाली, असं पाणी आपलं आपण फिरतं. भट्टीवरची गरम हवासुद्धा अशीच छपरातून बाहेर पडायची आणि गार हवा खालच्या दारातून आत शिरायची. इतकी वर्षं ती हवा अंगावर घेतली, पण बादलीत ओळखली नाही.

त्या दिवसापासून मी स्वतःला जाणकार समजू लागलो. खालून जाळ द्यायचा, बाकीचं आपोआप होतं, अशी माझी पक्की खात्री झाली. ती खात्रीच नडली.

आमच्या कोहका वस्तीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला खीर वाटतात. विदर्भातून इकडे प्लांटच्या कामाला आलेली सगळी घरं त्या दिवशी जमतात. ही खीर आमच्याच घरून जायची. गंज, म्हणजे मोठं पातेलं, बायकोचा; हातही तिचाच. यंदा पौर्णिमा जवळ आली, तशी समोरची शेजारीण आली. महिला मंडळाचा सगळा कारभार तीच पाहते.

"भाऊजी, यावर्षी खीर आमी करतो. गंज तेवढा द्या."

"कावून? मी मेलो का?"

"तुमाले चहा तरी जमते का?"

"जमते. तुमी कधी पेल्या नाही."

"म्हणून तं जित्या हावो!"

मी हसलो. पण खीर एकदा दुसऱ्या घरी गेली, की ती त्याच घरची होते. दोन वर्षांनी बायकोच्या खिरीची कोणी आठवणही काढणार नाही. मी म्हटलं, "गंज देत नाही. खीर याच घरी होईन."

"करा मग. पण बिघडली तं गंज विहारात जमा."

"जमा," मी म्हटलं.

पौर्णिमेला सकाळीच अंगणात गॅसची मोठी शेगडी लावली, जाळ पूर्ण सोडला. दूध तापलं, तांदूळ टाकले. काय सुंदर फिरत होते! मधून दाणे वर येत, कडेला सरकत आणि बुडी मारून परत खाली. बायको तासभर उभी राहून पळी फिरवायची. मी तिला म्हणायचो, "कायले हात दुखवते? आपलं आपण फिरून राहिलं ना." त्यावर ती म्हणायची, "तुमच्या भट्टीतलं कोणी खाते का?" आज तिला दाखवून द्यायचं होतं. मी पळी खुंटीला अडकवली आणि खुर्ची ओढून बसलो.

बसल्या बसल्या पाहिलं, दाणे हळू झाले. मग थांबलेच. तांदूळ शिजून दूध घट्ट झालं होतं. पातळ असतं तोवर फिरतं, घट्टाला कोणीतरी फिरवावं लागतं. तळातली ऊब तळातच कोंडली. एक जाड बुडबुडा भद्दकन फुटला आणि करपल्याचा वास आला.

मी पळी घेऊन धावलो. वास समोरच्या घरीही गेला असणार. शेजारीण फाटकातूनच ओरडली, "खाली खरवडू नका! गॅस बंद करा पहिले!"

तिने वरची खीर अलगद दुसऱ्या भांड्यात काढली. बोट चाटून पाहिलं.

"धूर लागला का?" मी विचारलं.

"लागला. विलायची कुठं हाये?"

मला माहीत नव्हतं. तिने आमच्याच स्वयंपाकघरात जाऊन एका झटक्यात डबा काढला. तो डबा कुठे असतो, हे तिला ठाऊक होतं, मला नाही. ते मला फार लागलं.

विहारात मी आधीच सांगून टाकलं, "खीर लागली हाये. मी फिरवली नाही. खिरीचा दोष नाही." लोकांनी खाल्ली. एकदोघांनी पुन्हाही घेतली. आता आवडली म्हणून की कीव म्हणून, ते मला विचारू नका.

जेवणं आटोपल्यावर मी गंज घासला. हात दुखून आले, तरी तळाचा काळा डाग गेला नाही. तसाच नेऊन शेजारणीपुढे ठेवला. "घ्या. बोललो होतो. जमा करा."

तिने आत वाकून पाहिलं. बाकीच्या बायाही वाकल्या.

"असा काळा गंज विहारात ठेवू? लोक हासतीन. घरी न्या, अन् रोज घासा. पुढच्या पौर्णिमेले चकचकीत पायजे. आन हो, पळी फिरवाले शिका. मी येऊन बसतो, पण हात तुमचाच."

  ऊन कडक होतं. गंज डोक्यावर उपडा घेतला आणि घरी निघालो.