निरोप झाल्यावर परत आलेला साहेब

निरोप समारंभात ज्याचा निरोप असतो त्यानं डोळे कोरडे ठेवायचे आणि रडण्याचं काम बाकीच्यांवर सोडायचं, अशी रीत आहे. माझ्या वेळी मी एकटाच रडलो. बाकीच्यांचं लक्ष जिलेबीकडं होतं, कारण ती गरम होती आणि माझं भाषण संपत नव्हतं.

सोनपेठजवळ आमची शेतकऱ्यांची एक कंपनी आहे. विषमुक्त तूर आणि हळद पिकवायची, विकायची, आणि त्यासाठी शेतात राबणारी माणसं तयार करायची, हे तिचं काम. मी तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी. पदाचं नाव एवढं लांब की दारावरच्या पाटीत मावलं नव्हतं, आणि खुर्ची प्लास्टिकची. माल विकणं त्या मानानं सोपं होतं. माणसं तयार करणं अवघड. प्रशिक्षणाला पोरं यायची, शिकायची, आणि मग हळूच विचारायची, "सर, सर्टिफिकेटवर शेत हा शब्द नाही टाकला तर चालंल का? पोरगी बघायला जायचंय." मी त्यांना 'पीक तंत्रज्ञ' असं नाव दिलं, खिशावर बिल्ला लावला. दोघांची लग्नं जमली. माझ्या कारकिर्दीतलं निर्विवाद यश तेवढंच.

बाकी मी म्हणजे एका जागी बसवत नाही असा माणूस. बैठकीत माझा पाय हलतो, आणि पाय हलला की टेबल हलतं, आणि टेबल हलल्यावर चहा सांडतो. दर काही महिन्यांनी मला वाटायचं, आपलं इथं काही व्हायचं नाही. मग कुठंतरी मुलाखत देऊन यायचो. नाशिकच्या एका द्राक्षवाल्या कंपनीनं या खेपेला खरंच घेतलं, आणि मी घाबरलो. पण सांगून बसलो होतो.

माझ्या हाताखाली एक क्षेत्र समन्वयक होती. चारठाण्याकडची, कृषी पदवीधर, वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या भागात खुरपणीच्या बायका मुकादम टेम्पोत घालून आणतो आणि तो म्हणेल त्या वावरात उतरवतो. हिनं त्यातल्याच बायकांची टोळी बांधली, त्यांना निंबोळी अर्क, दहा पाल्यांचा दशपर्णी फवारा, आंतरपीक सगळं शिकवलं, आणि त्यांच्यातलीच एक पुढारी नेमली. कोणत्या वावरात जायचं आणि कोणत्या नाही, हे त्या बायका ठरवू लागल्या. दोन मुकादम माझ्याकडं तक्रार घेऊन आले, तेव्हा मी त्यांना चहा पाजला आणि बाहेर गेलो.

नाशिकचं पक्कं झाल्यावर मी तिला म्हणालो, "आता ही खुर्ची तुमची." तिच्याकडं तेव्हा जालन्याच्या एका बियाणे कंपनीचं नेमणूकपत्र आलेलं होतं.

"सर, तुमचं नक्की हाय ना?" तिनं विचारलं. "तुमचं पक्कं असंल तरच मी तिकडं नाही म्हणते."

"शाल, नारळ, फेटा घेतल्यावर माणूस परत येतो का?" मी म्हणालो. तिनं माझ्यासमोरच जालन्याला फोन लावून नकार कळवला. संचालकांनी तिला पुढच्या बैठकीपर्यंत तात्पुरता कारभार दिला. त्या बैठकीत तिला कायम करायचं, असं ठरलं.

माझ्या निरोपाचा फ्लेक्सही लागला होता. छापणाऱ्यानं कुठलं डिझाइन वापरलं देव जाणे, माझ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना समया तेवत होत्या. एसटी स्टँडवर तो पाहून एका ओळखीच्यानं माझ्या बायकोला फोन करून हळू आवाजात विचारपूस केली.

नाशिकला काचेची केबिन मिळाली. भिंतीवर 'शाश्वत' हा शब्द माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत लिहिलेला. बागेतले मजूर किती वाजता आले, किती वाजता गेले, हे पडद्यावर बघायचं आणि वर कळवायचं, एवढंच काम. खुर्ची गोल फिरायची. मी दिवसभर फिरायचो. दर दोन तासांनी सोनपेठला फोन, "निंबोळी गोळा झाली का?" "झाली सर." "वाळत घातली का?" "घातली सर." पुढं पुढं तिनं फोन उचलणं कमी केलं. खरं तर मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण रात्री झोप लागेना. माझ्याविना तिकडं चाललंय तरी कसं, हा विचार काही केल्या जाईना.

आठवडाभरात मी घरची अडचण सांगून निघालो. परभणीला घरी पोचलो तर बायको म्हणाली, "शेजारी विचारतील. सुट्टीवर आलात म्हणून सांगू, का पळून आलात म्हणून?" मी सोनपेठची एसटी पकडली.

कंपनीच्या आवारात माझा फ्लेक्स अंथरलेला होता. त्यावर निंबोळ्या वाळत होत्या. टोळीतली एक बाई पायानं त्या सारखी करत माझ्या कपाळावरून हनुवटीकडं निघाली होती. मला बघून ती तिथंच थबकली.

समन्वयक बाहेर आली. माझ्या हातातल्या बॅगेकडं बघत म्हणाली, "सर, काही राहिलं होतं का?"

"नाही, सहज."

सहज म्हणत मी आत गेलो आणि सवयीनं त्याच खुर्चीत बसलो. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तिच्याआधी मी उचलला. पलीकडं एक मोठे हळदवाले बागायतदार, आमच्या कंपनीचे सभासद नसलेले.

"अरे, साहेब तुमी? बरं झालं बघा आलात. खुरपायला बाया पाहिजेत उद्या. ह्या मॅडम लय अडवायलेत आमाला."

"होऊन जाईल," मी म्हणालो. "उद्या टोळी पाठवतो."

फोन ठेवल्यावर मला फार हलकं वाटलं. आल्या आल्या एक काम मार्गी लावलं होतं. तिनं दाराला पाठ टेकवून विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

मी सांगितलं.

"सर, त्यांनी काल वावरात औषध मारलंय. मधे चार दिवस गेल्याशिवाय आणि जेवायला सावलीची जागा केल्याशिवाय बाया येणार नाहीत, असं मी धरून बसले होते. आज संध्याकाळपर्यंत ते कबूल झाले असते. ते झाले की बाकीचे बागायतदार आपोआप होतात. आता उद्या बाया नाही गेल्या तर तुमचा शब्द पडतो. गेल्या तर माझा."

बाहेर निंबोळीवाली बाई कान देऊन उभी होती. मला वाटलं उठावं, पण बसूनच राहिलो.

बैठक त्याच दुपारी होती. अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, मला बघून खूश झाले. "साहेब आले की. मग आता नवीन नेमायची कटकट मिटली. काय म्हंता?"

संचालकांमध्ये राणीसावरगावच्या एक मावशी आहेत. त्या म्हणाल्या, "दहावं जेवून झालं अन् हे उठून बसले. आता आमी काय करावं, वाढलेलं परत द्यावं का?"

सगळे हसले. मीही हसलो. मात्र आबांचं बोलणं मला आतून गोड लागलं होतं. दोन संचालकांनी माना डोलावल्या. जुना माणूस हाय, सवयीचा हाय, असं कोणीतरी बोललं. समन्वयक कोपऱ्यात मांडीवरची फाईल चाळत होती. मी टेबलाखाली पाय हलवत होतो.

मग ती उभी राहिली. "आबा, एक विचारू का सरांना?" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, तुम्हाला ही जागा पाहिजे का नको? पाहिजे असंल तर मी आत्ता जालन्याला फोन करते. त्यांची जागा अजून भरली नसंल तर बघते. भरली असंल तर घरी जाते. पण एकदाच सांगा."

आता माझं काय झालं, ते नीट सांगतो. आमच्याकडं पंगतीत वाढपी आला की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. तो आग्रह करतो, आपण पुन्हा नको म्हणतो, हात ताटावर आडवा धरतो पण बोटं जरा उघडी ठेवतो, आणि तिसऱ्यांदा जिलेबी पडते. जन्मभराची सवय. मी खुर्चीत थोडा मागं सरलो, हात आडवा केला आणि म्हणालो, "नको नको. मला कशाला? त्यांनाच द्या."

आणि आग्रहाची वाट बघत बसलो.

आबा तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाल्या, "नको म्हणाले. ऐकलं ना सगळ्यांनी? लिवा."

"तसं न्हवं मावशी, ते जरा…" आबांनी माझ्याकडं बघितलं. समन्वयकही माझ्याकडंच बघत होती, पापणी न हलवता. तोंड उघडायला जागा होती. आणखी एक शब्द बोललो असतो तर खुर्ची परत ताटात पडली असती. घशाशी आलेला शब्द मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. पाणी गरम होतं.

"लिहा," मी म्हणालो.

लिहून झालं. सह्या झाल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आबा तर थोडे नाराजच दिसले. ती बसली नाही. टेबलावरचा फोन माझ्याकडं सरकवत म्हणाली, "सर, त्या बागायतदारांना आता तुम्हीच सांगा."

सगळ्यांसमोर मी नंबर लावला. "ते बायांचं सकाळी बोललो होतो," मी म्हणालो, "ते जमणार नाही. मधे चार दिवस जाऊ द्या, सावली करा. मॅडम सांगतील तसं. त्यांच्याशीच बोला."

"सकाळी तर तुमीच हो म्हणलात की." पलीकडून आवाज चढला. "अन् मॅडमशीच बोलायचं तर मग तुमी कोण बोलायलात?"

मी फोन कानाला धरून खोलीभर नजर फिरवली. आबा छताकडं बघत होते. मावशी पान लावत होत्या. मला खरंच माहीत नव्हतं.

"प्रशिक्षक म्हणा," ती फाईलमधून वर न बघता म्हणाली. "राणीसावरगावची नवी बॅच आहे. उद्या सातला."

मी तसं सांगितलं. ते "असं व्हय" म्हणाले आणि फोन ठेवला.

नाशिकला येत नाही म्हणून कळवायचं होतं, आणि राणीसावरगावला सातला पोचायचं म्हणजे अंधारातच घर सोडावं लागणार. मी तिला विचारलं, आठ चालेल का.

नाही म्हणाली.