अंदाजकाकांची बदली

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी अंदाजकाका चिमूटभर माती दाताखाली चावून बघत. कचकच लागली तर रेती, नाहीतर चिकणमाती. सदरमधल्या आमच्या पाणी-सर्वेक्षणाच्या ऑफिसात नवा माणूस आला की हे बघून आधी दचकायचा, मग आमच्यासारखाच सरावायचा.

गावोगाव आमची माणसं जमिनीत सळया ठोकून वीज सोडत आणि माती-खडकाने ती किती अडवली, ते आकडे आणि तिथल्या मातीची पुडी आणून देत. आकड्यांवरून काकांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम जमिनीखालचे थर पडद्यावर मांडे. पण त्यासाठी आधी आपल्याला अंदाज पुरवावा लागे: वर काळी माती, मग मुरूम, खाली पाषाण. अंदाज चुकला तरी मशीन ऐटीत उत्तर देई आणि गावात बोअर कोरडी जाई. काका म्हणत, "मशीनले काय समजते? तू सांगशील तेच ते पावडर लावून दाखवते."

हा अंदाज दुसऱ्या कुणाला साधेना आणि तिथेच काका बिचारे अडकले. काकू गडचिरोलीकडे शाळेत शिकवत. काका सक्करदऱ्याला एका खोलीत खिचडी शिजवून खात आणि दरवर्षी तिकडे बदली मागत. साहेब चहा पाजत, तोंडभरून कौतुक करत आणि म्हणत, "तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही." झालं! काका पुन्हा कॉम्प्युटरसाठी थंडगार ठेवलेल्या बिनखिडकीच्या खोलीत, भर मे महिन्यात स्वेटर घालून. "माह्याच प्रोग्रामनं मले कोंडलं," असं एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

"मले शिकवा ना, काका," मी किती वेळा म्हटलं असेल. प्रत्येक वेळी अंगावर येत. ऑफिसात सगळे त्यांना विद्येचा कंजूष म्हणत. खरं कारण मला एकदा चिडून सांगितलं, "जो शिकन तो इथंच सडन. तुले काहून अडकवू वं?"

मग काकू शाळेच्या पायरीवरून पडल्या. पाय मोडला, घरात पाणी द्यायलाही कुणी नाही. काकांना मिळाली जेमतेम आठवड्याची रजा. ती संपवून परत आले ते तडक माझ्या टेबलाशी. मातीची पुडी माझ्यापुढे उघडली.

"चाव," म्हणाले.

पुढे कित्येक महिने मी माती चावली, चुकले, शिव्या खाल्ल्या. शेवटी कुहीकडच्या एका गावाचे आकडे साहेबांनी मला एकटीला दिले. चिकणमातीचा थर जाड धरला, मुरमाचा पातळ. बोअरला पाणी लागलं आणि साहेबांची सबब संपली.

काकांना पोचवायला मी बसस्टँडवर गेले. गाडी सुटायला आली तरी ते चढेनात.

"पोरी, अडकवलं वं मी तुले."

"मले माहीत होतं, काका."

"माहीत होतं, तं शिकली काहून?"

कंडक्टर ओरडत होता.

"काकू वाट पाहून राहिल्या असतील," मी म्हटलं आणि पाठीला हात लावून त्यांना आत ढकललं.