जप्तीच्या कागदावरची सही

नोकरीत केलेल्या प्रत्येक जप्तीची यादी माझ्याकडे आहे. पण एक जप्ती अशी आहे की तिच्यासाठी यादी उघडावी लागत नाही. ती आठवली की बोटांना अजून शाई लागली आहे असे वाटते.

महायुद्ध चालू होते. मेहकरकडच्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. शत्रूचे हेर, गुप्त शाई, चोरटे नकाशे यांविषयी वरून सारखी परिपत्रके येत. ती मी फाइलला लावी, आणि मनालाही लावून घेई.

बीबी गावच्या बाजाराच्या दिवशी जवळच्या एका खेड्याचा पोलीस पाटील ठाण्यात आला.

"साहेब, आमच्या मास्तरले विमानवाल्यायची पत्रं येऊन राह्यली. एक-दोन नाही, पेटीभर."

"कशाबद्दल?"

"ते मले काय ठाऊक? इंग्रजीत हायेत. पन मास्तर पेटीले कुलूप लावते. बायकोच्या डागिन्याले नाही लावलं त्यानं कधी कुलूप!"

मी स्टेशन डायरीत नोंद केली, जमादाराला घेतले आणि दुपारी मास्तरांच्या घरी पोहोचलो. गावातले दोन पंच बोलावले. एक म्हातारा शेतकरी, दुसरा विशी ओलांडलेला, भाजीपाला पिकवणारा गडी. मास्तरांची बायको दारात उभी होती. हातातले सूप तिने शेवटपर्यंत खाली ठेवले नाही.

पेटीत एकतीस कागद निघाले. पत्रे, तिकिटे लावलेले लखोटे, हवामानाची एक चिठ्ठी, टपालाच्या थैल्यांची एक पोच. प्रत्येकावर कोणा ना कोणा वैमानिकाची सही.

"छंद आहे साहेब," मास्तर म्हणाले. "विमानातून टपाल नेणाऱ्यांना मी पत्र लिहितो. सोबत माझ्या पत्त्याचा लखोटा घालतो. कोणी सही करून पाठवतो, कोणी उत्तरही देत नाही."

तीस कागदांबद्दल ते न अडखळता बोलले. एकतिसावा मी हातात घेतला तेव्हा ते अडखळले. त्या कागदावर पेन्सिलीने काढलेला एक गोल होता, शेजारी बाण, खाली इंग्रजी सही. या मुलखात असा गोल म्हणजे लोणारचे तळे, हे कोणीही सांगेल.

"हा कुठून आला?"

"तोही टपालानेच."

"घडी न घालता?"

कागदावर घडीची एकही खूण नव्हती. माणूस खोटे बोलत होता एवढे नक्की झाले. संध्याकाळच्या डाकेने बुलढाण्याला अहवाल जायचा होता. मी 'संशयास्पद' एवढा एक शब्द लिहिला असता तर चौकशीशिवाय तुरुंग, आणि शाळा कायमची सुटली असती. सोडला आणि हेर निघाला तर? धरला आणि नसला तर?

पद्धतीप्रमाणे जप्त कागदावर माझी आणि पंचांची सही घ्यायची होती. मी टाक दौतीत बुडवला तसे मास्तरांनी कागदावर तळहात ठेवला. इतका वेळ शाळेतली भाषा बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला.

"त्याच्यावर नका करू साहेब! मले न्या, पन त्याले हात लावू नका!"

मला वाटले, याखाली गुप्त मजकूर असणार. मी त्यांचा हात बाजूला केला, वैमानिकाच्या सहीला खेटून माझी सही ठोकली, पंचांच्याही घेतल्या. मग दिवसाउजेडी कंदील पेटवायला लावला. लिंबाच्या रसाने लिहिलेले कागद तापवला की उमटते, असे परिपत्रकात होते.

मी कागद आचेवर धरला. अक्षर उमटेना. कोपरा तपकिरी झाला, वळला, आणि धूर निघाला. मास्तरांनी डोळे मिटले. समोर उकिडवा बसलेला तरुण पंच ओरडला,

"थांबा साहेब! मांगं माहं नाव हाय!"

मी कागद उलटला. तोपर्यंत तो मी उलटून पाहिलाच नव्हता. मागे शाळेचा हजेरीपट होता, युद्धाच्या बराच आधीचा. सकाळी सगळी मुले हजर. दुपारी सगळी गैरहजर.

"अख्खी शाळा गैरहजर कशी?"

"विमान उतरलं होतं ना वावरात! वाट चुकलं होतं. आमी सारे पोट्टे पळालो. मास्तर तं आमच्याबी पुढं!"

जमादार तोंड फिरवून हसला.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी सही कर म्हनलं, म्या केली. इचारलं कोनं?"

मास्तर आता भिंतीला टेकून बसले होते; पुढचे त्यांनीच सांगितले. त्या वैमानिकाची भाषा त्यांना पुरती कळेना. त्याने मास्तरांच्या काखेतल्या हजेरीपटाच्या पानामागे गोल काढला, मास्तरांनी तळे ओळखून बाणाने दिशा दाखवली. उडण्यापूर्वी त्याने खाली सही केली. पुढे विमान पडून तो गेल्याचे मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचले. त्यांच्या संग्रहातली ती पहिली सही.

"मग खोटं का बोललात?"

"सरकारी हजेरीपटाचं पान फाडलं साहेब. तपासणीत समजलं असतं तं नोकरी गेली असती. तवापासून भेऊन राह्यलो."

अहवालात मी लिहिले, 'आक्षेपार्ह काही नाही.' त्या पानाची नोंद 'जुना कागद, कोपरा जळालेला' अशी केली आणि एकतीसही कागद त्यांच्या हाती परत दिले. हजेरीपटाचा उल्लेख केला नाही. अपुरी नोंद मी जाणूनबुजून केली ती तेवढीच.

भ्यालेला माणूस गुन्हेगार असेलही, पण आपण शोधतो त्याच गुन्ह्याला तो भ्यालेला असतो असे नाही. हे मी तिथे शिकलो. तेव्हापासून कागद आधी उलटला, पंचाला आधी विचारले, आणि सही कागदाला जोडलेल्या चिठ्ठीवर केली.

पेन्शनीत निघाल्यावर मी मुद्दाम त्या गावी गेलो. मास्तरांनी चहा दिला आणि ते पान समोर ठेवले. वैमानिकाची सही पुसट झाली होती. माझी ठळक होती.

मी माफी मागायला तोंड उघडले, तर तेच म्हणाले,

"बाकी साऱ्यायले मी सही मागतली, साहेब. न मागता देनारे तुमी एकलेच."